शेवटी डेंटिस्टच्या खुर्चीत बसलो

मित्रांनो, दवाखान्यातून आत्ताच आलोय आणि लगेच लिहितोय.

दोन महिने डावी दाढ ठणकत होती. लवंग झाली, मिठाचं पाणी झालं, पण डेंटिस्ट नको. ड्रिलची घरघर नुसती आठवली तरी मला घाम फुटतो. आज मात्र गाल सुजला, म्हणून बोरीवलीतल्याच एका दवाखान्यात गेलो. म्हणजे निघालो. वाटेत जेसीबी रस्ता खोदत होता, तोच अर्धा तास बघत राहिलो.

खुर्चीत बसल्या बसल्या डॉक्टर मॅडमना म्हटलं, "दाढ काढायची तर काढा, पण आधी सांगा हां."

त्यांनी आत बघितलं, कसलंसं जेल लावलं, चिमटा घातला आणि हसायलाच लागल्या. "अरे, दाढ मस्त आहे तुझी. हिरडीत माशाचा काटा रुतला होता."

काटा! एवढ्याशा काट्यापायी मी दोन महिने मऊ भात गिळला?

"उजवीकडे मात्र कीड आहे," त्या म्हणाल्या. "गुरुवारी येशील? ड्रिल लागेल."

आणि मी हो म्हणालो. मी! माझं मलाच खरं वाटेना.

बाहेर येऊन आईला फोन केला. दुखलं का वगैरे काही नाही, पहिला प्रश्न, "कुठल्या माशाचा रे?"

"मांदेलीचा असेल."

"शी! एवढीशी मांदेली, काट्यासकट चावून खातात ती. मालवणी ना आपण? कोणाला सांगू नकोस."

सॉरी आई, सांगितलं.

तुमच्यातलं कोण कोण असं गाल धरून घरी बसलंय? गुरुवारी चला माझ्यासोबत. खरं सांगू, मलाही कोणीतरी हवंच आहे यार.