लाल झालेली ढलपी

बाबांचं नाक गेलं ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत. ताप उतरला, चव परतली, वास काही आला नाही. दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर चार वेळा फोडणी करपली असती, एवढंच. पण बाबा अकोल्यात सुतारकाम करतात. वखारीत गेलं की लाकडाची ढलपी काढायची, तळहातावर चोळायची, हुंगायची आणि मगच भाव विचारायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. रंग देऊन साग म्हणून खपवलेलं लाकूड डोळ्यांना फसवतं, नाकाला नाही, असं ते म्हणत.

वास येत नाही हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नुसत्या नजरेवर साग समजून लाकूड घेतलं आणि एका घराची चौकट केली. दोन वर्षांत तिला वाळवी लागली. घरमालक भांडला नाही, त्यानं खिडक्यांचं काम गुपचूप दुसऱ्याला दिलं. बाबांना तेच लागलं. त्यानंतर वखारीत जायचं म्हटलं की ते काहीतरी निमित्त काढून टाळायचे.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. कायम होण्याची आशा केव्हाच सोडली आहे, पण विषयाची मिजास तेवढी शिल्लक होती. चौकटीचं झाल्यावर बाबांनी नाकाचं मला सांगितलं, आणि लाकडाची एक चाचणी मला येत होती. लाकडाचे तंतू घट्ट बांधून ठेवणारं लिग्निन चीड-देवदारात जवळजवळ एकाच प्रकारच्या घटकाचं असतं, फुलणाऱ्या झाडांत त्याच्या जोडीला दुसराही घटक असतो. ढलपी परमँगनेटमध्ये बुडवायची, आम्लानं धुवायची, वर अमोनिया सोडायचा. दुसरा घटक असला तर ती लाल होते, नसला तर तपकिरीच राहते. वास घ्यायचं कामच नाही.

"आता तुमाले कोणी फसवत नाही," मी फोनवर ऐटीत सांगितलं.

रविवारी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. अंगणात बशांमध्ये चार ढलप्या मांडल्या. खोक्याच्या फळीचं चीड, साग, कडुनिंब आणि त्या वाळवी लागलेल्या चौकटीचा तुकडा. बाबा निकालाला बसल्यासारखे समोर पाटावर बसले. चीड तपकिरी राहिलं. बाकीच्या तिन्ही ढलप्या लाल झाल्या.

"हे तिन्ही लालच झाले ना वं," बाबा म्हणाले.

"तिन्ही फुलणारी झाडं आहेत, बाबा. सागाले फुलं येतात, निंबालेबी येतात."

"चीड तं मी नख मारून सांगतो. मले सागाचं पाहिजे होतं."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ही चाचणी फक्त दोन गट वेगळे करते, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. बाबांच्या बाबतीत मात्र ते माझ्या डोक्यातही आलं नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला.

 बाबा उठून आत गेले आणि साग व त्या चौकटीचं लाकूड दोन्ही ताजं तासून आणलं.

"तुले तं नाक आहे. तू पाह्य. जमलं तं सुट्टीच्या दिवशी वखारीत माह्यासंगं येत जा."

मी दोन्ही ढलप्या चोळल्या, हुंगल्या, पुन्हा हुंगल्या. दोन्हींना लाकडाचा वास येत होता. ज्या घरात बारा महिने भुसा पडलेला असे तिथं मी वाढले होते, पण पुस्तक घेऊन कामाजवळ बसले की बाबा मला उठवून आत पाठवत. पोरीनं शिकावं, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

मी अंदाजानं उजवी ढलपी पुढे केली. बाबांनी ती घेतली आणि सवयीनं नाकाशी नेली. मग डावीकडे बोट दाखवलं.

"साग हा होता. जाऊ दे. म्याच शिकवलं नाही तुले."

सोमवारी सकाळी माझा तास होता, म्हणून मी संध्याकाळच्या गाडीनं निघाले आणि वाटभर रडले. त्याच आठवड्यात बाबांनी हातातल्या दोन्ही गिऱ्हाइकांना दुसरा मिस्त्री पाहायला सांगितलं.