कळलावीची फांदी

कळलावीचं ते ज्वाळेसारखं पिवळं-तांबडं फूल कुठे दिसलं, की मला पेंच नदीचा काठ आठवतो. बायको वारली त्या वर्षीचा श्रावण होता. रविवारी शहरात, महाल भागातल्या खोलीत जीव रमेना, म्हणून सकाळच्या एसटीने पारशिवनीला गेलो आणि नदीच्या काठाकाठाने चालत सुटलो. गुडघाभर तेरडा फुलला होता, त्याच्या बुडाशी केन्याची निळी फुलं अजून ओली होती, आणि पाण्याशिवाय कुणाचाही आवाज नव्हता. एका बोरीवर कळलावी चढलेली दिसली. मी हात घातला, तोच जवळ गवत कापणारी एक म्हातारी ओरडली, "तोडू नका जी भाऊ! ते फूल घरात नेलं तं भांडणं होतात." मी म्हणालो, "होऊ द्या." "असं काहून म्हणता?" "घरी भांडायला कोणी राहिलं नाही, मावशी." आम्ही दोघं भाजीतल्या मिठावरूनसुद्धा भांडायचो, हे मात्र तिला सांगितलं नाही. ती मग उठली, विळ्याने फुलांनी लगडलेली अख्खी फांदी कापली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "मंग न्या घरी." खोलीवर येऊन मी ती तांब्यात घालून बायकोच्या आरशापाशी ठेवली. फुलं पिवळ्याची तांबडी झाली, वाळली, गळून पडली. घरात कुणाचा आवाज चढला नाही. आता माझं वय त्या म्हातारीएवढं झालंय. कळलावी दिसली, की अजूनही मी ती घरी घेऊन येतो.