शेवाळातला गूळ

धसईला आमच्या अंगणात नांगराशेजारी निळे ड्रम होते, आणि त्यांत मी शेवाळ वाढवत होते. मुरबाडच्या कॉलेजात प्रयोगशाळा होती, पण तिथे ऊन येत नव्हतं. डोळ्यांना न दिसणारा हिरवा कण पोटात पिष्ट साठवतो, पण त्याची भिंत चिवट असते. एन्झाइमने ती भिंत फोडायची, पिष्टाची साखर करायची आणि ती यीस्टकडून आंबवून घ्यायची, एवढंच माझं काम. त्यातून इंधन मिळतं हे गावात सांगणं मी सोडून दिलं होतं. आंबवायचं म्हटलं की लोक एकाच गोष्टीची चौकशी करत.

प्रकल्पाची मुदत संपत आली होती. साखर दाखवली तर काम पुढे चालणार, नाहीतर माझी नोकरी जाणार. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

कॉलेजातलं उपकरण बिघडलेलं, म्हणून शेवाळ गाळून मी घरच्या चुलीवरच उकळलं. पातेलं अंगणात निवत ठेवून आंघोळीला गेले, मग डबा भरून एसटीने मुरबाडला नेला. तिथे दोन वाटे केले. एकात एन्झाइम घातलं, दुसरा तसाच ठेवला. साखर असेल तर निळं द्रावण तापवल्यावर विटकरी होतं. दुपारी एन्झाइमचा वाटा विटकरी झाला आणि मॅडम चक्क हसल्या. पाठोपाठ दुसराही विटकरी झाला. एन्झाइमच नाही, तर साखर आली कुठून, हे दोघींनाही कळेना.

घरी येऊन विचारलं, तेव्हा वडील सुपारी कातरत होते.

"गूळ टाकला मी. एवढासा," ते म्हणाले. "नवा काम, आळणी कसा सुरू करायचा गो?"

आमच्याकडे पेरणीला गूळ, विहिरीला गूळ, नव्या मोटारपंपालाही गूळ. पंपाचं त्याने काही बिघडलं नव्हतं. मला मात्र भयंकर राग आला.

"बाबा, तुमी सगळं वाया घालवलं."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

ड्रममध्ये उरलेलं शेवाळ मी पुन्हा उकळलं. पातेलं निवेपर्यंत वडील गोठ्याकडे तोंड करून बसले. या वेळी एन्झाइम नसलेला वाटा निळाच राहिला. दुसरा हिरवट झाला, जरासा पिवळा. साखर शेवाळाचीच होती, पण फार कमी. अहवालात तेच लिहिलं. मुदत वाढली नाही.

"माझ्या गुळामुलं?" वडिलांनी विचारलं.

"नाय बाबा. साखरच कमी निघाली."

त्यांना ते पटलं नाही.

पुढे शहापूरला एका कारखान्यात पाणी तपासायचं काम मिळालं. नव्या कामाला निघालं की वडील दारात हातावर गुळाचा खडा ठेवायचे. त्या सकाळी ते ओट्यावर नुसते बसून होते. मी चपला घालून थांबले, मग आत गेले आणि डब्यातला खडा आणून त्यांच्यापुढे धरला.

"द्या."

"नको गो. माझा हात नको लागायला."

मी खडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि माझा हात पुढे केला. ते खड्याकडे बघत राहिले. नाक्यावर एसटी आली, हॉर्न देऊन निघून गेली. मी हात तसाच धरून उभी होते.