अंदमानाला जाऊन आलेली शेरडं

इंदापूरच्या शाळेत मी भूगोल शिकवते. फळ्यावर बेटं काढून काढून माझा हात इतका बसलाय की डोळे मिटून अंदमान-निकोबार काढून दाखवीन. पण खरं बेट काही पायाखाली आलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, आता जायचंच. मिस्टरांना विचारलं तर म्हणाले, "उजनीत रोहित पक्षी बघायला होडीत बसलो होतो, तेव्हा माझं काय झालं ते विसरलीस का?" विसरले नव्हते. त्या होडीतलं कुणीच विसरलं नसेल. मग मी माझ्या धाकट्या भावाला, बापूला फोन लावला.

बापू बारामतीजवळ कन्हेरीला, आमच्या माहेरच्या वस्तीवर राहतो. तो, त्याची बायको आणि आमची आई. ऊस आहे, गाई आहेत, दारात चार शेरडं (शेळ्या) आहेत. "समुद्र?" बापू म्हणाला. "ताई, मला कॅनालात पवता येतंय, तेवढ्यावर भागंल का?" त्याच्या बायकोने मागून ओरडून सांगितलं, "जावा तुमी भाऊ-बहीण! आत्यांचं आन गाईंचं मी बघते." आत्या म्हणजे तिची सासू, आमची आई. झालं, ठरलं.

निघायच्या दिवशी मी कन्हेरीला गेले. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "पाण्यात लई आत जाऊ नका," एवढंच म्हणाली. भिंतीवर आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा फोटो आहे, त्याच्या पाया पडलो. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. आबांनी मेंढरं सोडून ट्रकचं स्टेअरिंग हातात घेतलं आणि त्याच ट्रकच्या अपघातात ते गेले. मी तीन वर्षांची होते, बापू पाळण्यात होता. त्यांचं मागे राहिलं काय, तर हा एक फोटो, मुंबईच्या खेपेत आणलेला एक टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट.

त्या कॅसेटबद्दल इथेच सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या प्रवासात ती आमच्याबरोबर होती. म्हणजे कॅसेट घरीच होती, आई तिला कुणाला हात लावू देत नाही. पण आम्हा दोघांना ती तोंडपाठ आहे. तिच्यात एक वग आहे. राजा आहे, प्रधान आहे, एक आळशी शिपाई आहे. आमच्या वस्तीवर टीव्ही आला तो फार उशिरा, तोवर करमणूक म्हणाल तर हीच. जेवणं झाली की टेप लागायचा आणि आम्ही दोघं त्याच्यापुढे मांडी घालून बसायचो.

आमची सगळ्यात आवडती जागा अशी. राजा विचारतो, "प्रधानजी, राज्यात काय चाललंय?" प्रधान म्हणतो, "महाराज, सगळीकडं आलबेल आहे." तेवढ्यात रयतेतला कुणीतरी जोरात ओरडतो, "आरं, शेरडं घुसली कडवाळात! बघताय काय, हाकला की!" कडवाळ म्हणजे जनावरांसाठी पेरलेली हिरवी ज्वारी. त्यावर राजा शांतपणे म्हणतो, "मग आम्ही झोपायला मोकळे." इथे मी आणि बापू हसून लोळायचो. त्या रयतेतल्या माणसाचा आवाज बाकी सगळ्या नटांपेक्षा मोठा आणि जवळून यायचा. आम्हाला वाटायचं, हाच खरा नट. आईलाही ते वाक्य आवडायचं. चुलीपुढून उठून, पिठाचे हात तसेच घेऊन ती दाराशी यायची, वाक्य झालं की परत भाकरी थापायला जायची.

असो. पुण्याहून चेन्नई आणि चेन्नईहून श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर. विमानात बापूने पहिल्यांदा माझा हात धरला आणि ढगांच्या वर गेल्यावर सोडला. खाली निळ्या पाण्यात हिरवे ठिपके दिसायला लागले. मी सवयीने शिकवायलाच लागले, की ही बेटं म्हणजे पाण्यात बुडालेल्या डोंगरांची शिखरं आहेत वगैरे. बापू म्हणाला, "ताई, आता सुट्टी हाय तुला. बघू दे की गप."

तिथून मोठ्या बोटीने आम्ही स्वराज द्वीपला, पूर्वीच्या हॅवलॉकला गेलो. जेट्टीवर उतरलो तर सुपारीची आणि नारळाची झाडं, लाल माती, आणि पाण्यावर डुलणाऱ्या डुंग्या (इकडच्या छोट्या लाकडी होड्या). राहायला एका बंगाली बाईंचं घर मिळालं. त्यांनी आल्याआल्या हातात डाब (शहाळं) दिला. बाईंनी बापूला हिंदीत विचारलं, "आपके गाँव में समुंदर नहीं है?"

"समुंदर नहीं है," बापू म्हणाला, "पर कॅनाल है."

बाई अदबीने "अच्छा" म्हणाल्या. जेवायला भात आणि माशाचा झोल (पातळ रस्सा) होता. बापूने दोनदा भात घेतला आणि खोलीत येऊन दशमी खाल्ली. भात खाऊन पोट भरल्यासारखं वाटतच नाही, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी बाईंना आमची शेंगदाण्याची चटणी दिली. त्यांनी ती माशावर घालून खाल्ली. बापू तिकडे बघायलाच तयार नव्हता.

राधानगर नावाच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा भूगोलाच्या बाईंची फजिती झाली. मी दोघांच्याही चपला वाळूत एका ओंडक्यापाशी व्यवस्थित ठेवल्या आणि बापूला भरती-ओहोटी समजावत पाण्याच्या कडेने लांब गेले. परत आलो तर ओंडका पाण्यात आणि चपला अंदमानच्या समुद्रात. बापू पोट धरून हसला. "चंद्राचं समदं सांगितलंस," म्हणाला, "चपलांचं तेवढं ऱ्हायलं." अनवाणीच बसून राहिलो.

तिकडे सूर्य फार लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे आपल्याकडे शाळा सुटायच्या वेळेला तिथे सांज होते. पाणी तांबडं झालं. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि मला सारखं आमच्या वस्तीवरचं अंगण आठवत होतं. बापूलाही तेच होत असावं.

"आबांनी समुद्र बघितला असंल का गं?" त्याने विचारलं.

"मुंबईला ट्रक घेऊन जायचे. बघितला असेल."

"बोलत कसं असत्याल? आवाज कसा हुता त्यांचा?"

हा प्रश्न तो लहानपणापासून मला विचारत आलाय. "तू तीन वर्षांची हुतीस की, तुला तर आठवाया पायजे," असं म्हणून पूर्वी तो भांडायचासुद्धा. मला आबांचा खरखरीत शर्ट आठवतो, डिझेलचा वास आठवतो. आवाज नाही आठवत. किती वेळा डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केलाय. ज्या माणसाने आपल्याला नावाने हाक मारली, त्याचा आवाज आपल्याकडे नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

परतीच्या दिवशी समुद्र खवळलेला होता. बोट सुटली आणि थोड्याच वेळात तिने सगळ्यांना गदागदा हलवायला सुरुवात केली. जो तो पिशवीत तोंड घालून बसला. मिस्टर आले नाहीत हे फार बरं झालं. आमच्या शेजारच्या बाकावर चिपळूणच्या एक काकू होत्या, एकट्याच सहलीबरोबर आलेल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून बापूने मोठ्याने वग सुरू केला. "प्रधानजी, आज आमच्या मिशीला पीळ कुणी दिला?"

काकूंनी मान वर केली. "महाराज, मिशी आपली, पीळ वाऱ्याचा!" त्या म्हणाल्या. "अहो, तुम्हाला कसा माहीत हा वग? आमच्या कॉलनीच्या गणपतीत मी राजा व्हायचे! कॅसेट लावून लावून पाठ केला होता."

मग काय विचारता. काकू राजा झाल्या, मी शिपाई, बापू प्रधान. आजूबाजूची माणसं पिशव्यांतून तोंडं काढून ऐकायला लागली. लाटा आपटत होत्या आणि आमचा दरबार रंगात आला होता.

"प्रधानजी, राज्यात काय चाललंय?" काकूंनी विचारलं.

"महाराज, सगळीकडं आलबेल आहे," बापू म्हणाला, आणि लगेच तोंडाला हात लावून ओरडला, "आरं, शेरडं घुसली कडवाळात! बघताय काय, हाकला की!"

काकू थांबल्या. "हे काय मधेच?"

"वाक्यच हाय की त्ये. रयतेतला एकजण वरडतो."

"छे हो. असलं वाक्य नाही त्यात. आलबेल झालं की लगेच राजाचं वाक्य. मी इतक्या वेळा केलंय. आणि कडवाळ म्हणजे काय?"

मला रागच आला. मी शाळेतल्या आवाजात त्यांना सांगितलं, की काकू, तुम्ही विसरला असाल, ते वाक्य आहे, आमचं बालपण त्या वाक्यावर गेलंय. काकू भांडल्या नाहीत. "आमच्या कॅसेटवर राजाचं चित्र होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर काय आहे?"

"आमच्यावर कायच न्हाय," बापू म्हणाला. "कोरीच हाय."

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. कोरी कॅसेट, म्हणजे कुणीतरी घरी भरलेली. चिपळूणच्या बाईला न कळणारं कडवाळ. सगळ्या नटांपेक्षा जवळून येणारा तो आवाज. आणि पिठाच्या हातांनी दाराशी येऊन उभी राहणारी आई. काकूंनी राजाचं वाक्य म्हणून टाकलं, माणसांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघं मात्र जेट्टी येईपर्यंत ते एकच वाक्य मनात पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

आईला फोन करायचं धाडस झालं नाही. असं काही फोनवर विचारतात का? आणि समजा, "न्हाय बाई, नाटकातलाच माणूस त्यो," असं ती म्हणाली असती तर? विमानात बापूने ह्या वेळी हात धरला नाही. खिडकीकडे तोंड करून बसला होता. पुण्याहून गाडी केली. बारामतीच्या अलीकडे उसाचे ट्रॅक्टर लागले, गाडी मुंगीच्या पावलांनी चालली, आणि बापू, जो एरवी कुणालाही वाट देतो, तो खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हरांवर ओरडत होता.

दिवेलागणीला वस्तीवर पोहोचलो. आई अंगणातच होती. आमच्या पायांतल्या नव्या चपला तिने आधी बघितल्या. "जुन्या कुठं हायत?" मी सांगितलं. "येवढी शिकल्याली तू," म्हणून हसली. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी समोर आली. बापूला गेले कित्येक दिवस ह्याच ताटाची आस होती, पण त्याचा घास उतरेना. तो उठला, कपाटातून टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट लावली. आईने आज हात लावू दिला.

खरखर झाली. मिशीचा पीळ झाला, शिपायाची जांभई झाली. आम्ही दोघं टेपपुढे मांडी घालून बसलो होतो, पूर्वीसारखंच. गुडघे तेवढे कुरकुरत होते. राजाने विचारलं, राज्यात काय चाललंय. आई स्वयंपाकघरातून उठून दाराशी आली.

"महाराज, सगळीकडं आलबेल आहे."

"आरं, शेरडं घुसली कडवाळात! बघताय काय, हाकला की!"

बापूने टेप बंद केला. "आई," तो म्हणाला, "ह्यो कुणाचा आवाज हाय?"

आई उंबऱ्यावरच बसली. "तुमच्या आबांचा," म्हणाली.

शेजारच्या कुणी काही विचारावं आणि आपण सांगावं, इतक्या साध्या आवाजात म्हणाली. मग बापूकडे बघून बोलायला लागली. "रेडिवला वग लागणार हुता. टेप नवा आणल्याला. ह्यांनी बटन दाबलं आन समद्यांना दम दिला, कुणी आवाज करायचा न्हाय. मी तुला मांडीवर घिऊन, तोंडाला पदर लावून बसल्याली. आन मग शेरडं घुसली. ह्ये सोताच वरडलं!" ती हसली. "कॅसेट नासली म्हणून लई हळहळलं. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या, दुसरी भरा. ती भरायची ऱ्हायलीच."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?" मी विचारलं. रडत होते आणि रागावलेही होते. "हा किती विचारायचा मला, आवाज कसा होता म्हणून!"

आईने पदराने तोंड पुसलं. "तुमी त्या वाक्याला लोळून हसायचा, पोरी. बाप रोज येतोय, लेकरांना हसवतोय आन जातोय, असं वाटायचं मला. सांगितलं असतं तर तुमी रडला असता. मग त्यांनी यायचं कशाला?"

जाताना विमानात मी बापूला सांगितलं होतं, की वर दिसतं ते थोडं, खरा डोंगर पाण्याखाली असतो. माझं शिकवणं मला आपल्याच घरात येऊन कळलं.

बापूने कॅसेट थोडी मागे घेतली आणि पुन्हा लावली. राजाने विचारलं. प्रधानाने आलबेल सांगितलं. आणि खोलीत, आमच्या अगदी जवळून, आबा ओरडले, "बघताय काय, हाकला की!"

"हाकलली, आबा," बापू म्हणाला.

आई तोंडाला पदर लावून हसली, आणि मग आम्हीही हसलो.