सोडलेल्या पानांची वही

आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंना मुलं 'कुठवरबाई' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण बाईंना ते माहीत आहे आणि आवडतंही. वाचनालयात पाऊल टाकलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठवर आलास?" पुस्तक आवडलं का, त्यातून काय शिकलास, असलं त्या कधीच विचारत नाहीत. मी याच शाळेत ड्रिलचा मास्तर आहे. मुलं मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण मला ते आवडत नाही, तेव्हा इथे सांगत नाही.

वाचनालय तळमजल्यावर, पाण्याच्या नळांच्या शेजारी. त्याच्या तिन्ही खिडक्या मैदानावर उघडतात, आणि बाईंचं नि माझं अकरा वर्षांचं वैर तिथूनच सुरू होतं. मी शिट्टी मारली की मधली खिडकी धाडकन बंद व्हायची. मग मी मुद्दाम आणखी एक शिट्टी मारायचो. स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकांशी गोड बोलायचो आणि मैदानावर खिडकी नि शिट्टी भांडायच्या.

बाईंच्या टेबलावर एक लांबट वही असते. खरं तर ती फाटलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायला आली होती. बाईंनी तिच्यात मुलांनी अर्धवट सोडलेली पुस्तकं लिहायला सुरुवात केली. नाव, पुस्तक, पान आणि शेवटचा रकाना कारणाचा. पुस्तक अर्धं सोडलं म्हणून त्या कुणाला बोलत नाहीत. उलट कोर्टातल्यासारखी उलटतपासणी घेतात. 'कंटाळा आला' हे कारण चालत नाही. "कंटाळा सगळ्यांनाच येतो. कुठल्या वाक्याला आला ते सांग," म्हणतात. त्यामुळे त्या रकान्यात काय काय सापडतं. 'आजोबा बोलायचे थांबतच नाहीत.' 'नायक फार शहाणा आहे, सहन होत नाही.' 'अक्षर बारीक आणि माणसं खूप.' चौथीतल्या एका मुलीनं लिहायला सांगितलं होतं, 'कुत्रा मरणार आहे असं वाटतंय.'

त्या मुलीसाठी बाईंनी मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या अख्खं पुस्तक संपवलं आणि तिच्या कार्डावर लिहिलं, 'नाही मरत. एकाहत्तराव्या पानावर फक्त पाय मोडतो. निर्धास्त वाच.' तेव्हापासून एका कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं यादी चिकटवलेली आहे, कुत्रा शेवटपर्यंत जिवंत असलेल्या पुस्तकांची. आमच्या विज्ञानाच्या सरांनी ती गुपचूप मोबाईलमध्ये उतरवून घेतलेली मी स्वतः पाहिली आहे.

दुसरी वस्तू म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. परत आलेलं प्रत्येक पुस्तक बाई अंगठ्यानं फर्रकन चाळतात आणि आत विसरलेलं जे काही सापडेल ते डब्यात टाकतात, कुठल्या पुस्तकात मिळालं त्याची चिठ्ठी लावून. बसची तिकिटं, केसांच्या पिना, वाळलेली पानं, घरी न दाखवलेलं प्रगतिपुस्तक, कागदात गुंडाळलेला एक दुधाचा दात. मागायला आलं तर परत मिळतं. दात न्यायला अजून कुणी आलेलं नाही.

स्वतः बाई किती वाचतात याला माप नाही. जेवताना डब्याच्या झाकणाला पुस्तक टेकवून वाचतात, आणि भाजी कुठली होती असं विचारलं तर सांगता येत नाही. मध्येच एकट्या हसतात. कधी पुस्तकात बोट अडकवून स्टाफरूममध्ये येतात आणि कुणी विचारलेलं नसताना एक परिच्छेद वाचून दाखवून निघून जातात. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. ते एकदा मला म्हणाले होते, "घरीसुद्धा हीच तऱ्हा, सर. मी चहा पीत असलो तरी विचारते, कुठवर आलात?" एवढं सुख एका माणसाला एका खोलीत मिळावं, याचा मला तेव्हा राग यायचा. आता हेवा वाटतो, आणि तो मी उघड कबूल करतो.

माझं पुस्तकाशी कधी जमलं नाही. मी मैदानातला माणूस. सव्वीस वर्षं पोरं पळवली. मागच्या वर्षी नववीच्या मुलींना लांब उडी शिकवताना मला दम निघाला नाही. "बघा, अशी मारतात," म्हणालो, छाती फुगवून धावलो, आणि खाली आलो तो थेट दवाखान्यात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालाल झकास, पण पळायचं आता विसरा. अडीच महिने रजा मिळाली.

धावता न येणारा ड्रिलमास्तर काय कामाचा? कोपऱ्यात खुर्ची टाकून बसवतील, हजेऱ्या लिहायला देतील, आणि पोरं समोरून लंगडत चालून दाखवतील. पोरांना मी ओळखतो. त्यापेक्षा आपणच राजीनामा द्यायचा, असं मी दुसऱ्याच आठवड्यात ठरवलं. घरात कुणाला सांगितलं नाही. कागद घेतला, तारीख सोडून मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या नावे लिहायला बसलो. 'माननीय महोदया.' दुसरी ओळ, 'विषय: राजीनामा.' तिसरी ओळ, 'मी गेली सव्वीस वर्षे आपल्या शाळेत.' पुढे पेन हलेना. कागद उशाशी ठेवला. रजा महिनाअखेर संपत होती. एक तारखेला हजर व्हायचं किंवा हा कागद द्यायचा, एवढंच उरलं होतं.

आणि त्यातच बाईंनी माझा पिच्छा धरला. माझी बायको औषधाच्या दुकानात काउंटरला असते. येता-जाता तिला शाळा लागते. एका संध्याकाळी ती पिशवीतून पुस्तक काढून म्हणाली, "तुमच्या ग्रंथपालबाईंनी दिलंय. आवर्जून वाचा म्हणाल्या." एका धावपटूचं चरित्र होतं. तीन दिवसांनी फोन आला.

"सर, कुठवर आलात?"

"बाई, मी वाचणारा माणूस नाही."

"ते मागाहून बघू. पान सांगा."

"बारा."

"बाराव्या पानावर काय झालं?"

"काही नाही. तो पळायला लागला."

"बरं," त्या म्हणाल्या. फोनमधून पेनाची कुरकुर ऐकू आली. माझं नाव वहीत चढलं होतं. चौथीतल्या पोरांच्या रांगेत.

दुसरं पुस्तक गिर्यारोहकाचं. नवव्या पानावर तो चढायला लागला आणि मी पुस्तक मिटलं. तिसरं सायकलवाल्याचं, तो सायकलवर टांग टाकेपर्यंतसुद्धा मी कसाबसा थांबलो. या वेळी पीडा टळावी म्हणून मी थाप मारली. "पूर्ण वाचलं, बाई. छान आहे."

"शेवटी भाऊ भेटतो तो प्रसंग कसा वाटला?"

"फार हृद्य."

"सर, त्यात भाऊच नाही. पान सांगा."

मी मुकाट्यानं पाच म्हणालो. शेजारी बसलेली बायको पदरात तोंड घालून हसत होती. चौथं पुस्तक एका पोहणाऱ्या बाईचं आलं. ते चव्वेचाळीस पानांपर्यंत गेलं, मग तेही राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी बाई स्वतः घरी आल्या. काखेत वही. गुडघा कसा आहे हे त्यांनी विचारलं नाही, आणि तेवढ्यावरच मी त्यांना अर्धं माफ केलं. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सर, चूक माझी झाली. मी तुमच्या गळ्यातल्या शिट्टीला पुस्तकं दिली. तुम्हाला द्यायची राहूनच गेली."

"बाई, सोडून द्या ना. नाही जमत एखाद्याला."

"सोडलेल्यांचंच तर काम करते मी." त्यांनी वही उघडली. "मी चारही पुस्तकं पुन्हा काढली. तुम्ही जिथवर आलात, तिथवरच वाचली. तीन ठिकाणी माणूस पळायला, चढायला लागला की तुम्ही पसार. हे मला पहिल्याच पुस्तकाला कळायला हवं होतं. पण ही पोहणारी बाई तर तिसऱ्या पानापासून पाण्यात आहे. तिथे चव्वेचाळीस पानं टिकलात. मग चव्वेचाळीसला काय झालं?"

"कंटाळा आला."

"ते कारण मी चौथीतल्या मुलांकडून घेत नाही, तुमच्याकडून कसं घेऊ? त्रेचाळिसाव्या पानावर तिच्या सरांची बदली होते. ते म्हातारे, पाण्यात न उतरता काठावरून छत्री आपटत ओरडणारे. ते गेले आणि पाठोपाठ तुम्ही गेलात."

मला तो छत्रीवाला आवडला होता, हे खरं. तो गेल्यावर पुस्तकात राम उरला नव्हता, हेही खरं. पण हे माझं मला कळलं नव्हतं, आणि ही बाई नुसत्या एका आकड्यावरून ते घेऊन माझ्या दारात आली होती. सव्वीस वर्षांत माझ्याकडे इतकं नीट कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

त्यांनी पिशवीतून पाचवं पुस्तक काढलं. सव्वाशे पानांचं, मूळ कव्हर गेलेलं, पाठीला कापडी पट्टी. एका गवंड्यानं लिहिलेलं. "अकरा वर्षांत तिघांनीच नेलं हे," त्या म्हणाल्या, "पण तिघांनी पूर्ण केलं. आणि पान दुमडलंत तर माझ्याशी गाठ आहे."

ते पुस्तक म्हणजे तो गवंडी आणि त्याच्या हाताखालची माणसं, एवढंच. कोण थापी चमच्यासारखी धरायचा, कुणाची भिंत ओळंबा लावूनही वाकडी जायची, कोणती मुलगी विटेला हात लावायच्या आधी वीट वाजवून बघायची. सतराव्या पानावर एका ओळीत येतं की त्याची कंबर गेली. पुढे शंभर पानांत कमरेचं नाव नाही. म्हातारा नुसता उभा राहतो आणि ओरडतो, आणि इमारती उठत जातात. काही शिव्या इतक्या अचूक होत्या की मी बायकोला हाका मारून वाचून दाखवल्या. खूण म्हणून हाताशी आला तो कागद घातला, उशाशी पडलेला.

पुस्तकानं माणूस बदलतो वगैरे माझ्या बाबतीत काही झालं नाही. पुस्तक संपलं, आवडलं, आणि गुडघा होता तिथेच होता. एक तारखेला काठी टेकत शाळेत गेलो तेव्हा माझा बेत पक्का होता. आधी पुस्तक परत करायचं, वाचनालयातच बसून अर्ज पुरा करायचा, आणि मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंच्या हातात द्यायचा.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कुठवर आलात?"

"संपलं," मी म्हणालो. मुलांसारखा आवाज आला माझा.

त्यांचा सगळा चेहरा उजळला. मग सवयीनं त्यांनी पुस्तक अंगठ्यानं चाळलं आणि घडीचा कागद टेबलावर पडला. त्यांनी तो उघडला, तीन ओळी वाचल्या.

मला वाटलं, आता सुरू होईल. शाळेला तुमची गरज आहे, मुलं वाट बघतात. तसलं एक वाक्य जरी आलं असतं तरी मी तो कागद ओढून तिथेच पुरा केला असता. बाईंनी वही पुढे ओढली. पेनाचं टोपण काढलं. माझं नाव लिहिलं. पुस्तकाच्या रकान्यात लिहिलं, 'राजीनामा'. मग वर न बघता विचारलं, "कुठवर आलात?"

"तिसऱ्या ओळीपर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी 'ओळ ३' लिहिलं. पेन शेवटच्या रकान्यावर नेऊन थांबवलं. "का सोडलंत?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर मैदानावर नववीच्या मुली लांब उडी मारत होत्या. माझ्या जागी चित्रकलेच्या सरांना उभं केलं होतं आणि ते सावलीत पेपर वाचत होते. एक उंच मुलगी वाऱ्यासारखी धावत यायची आणि रेघेपाशी पावलं चुकून अडखळायची. एकदा झालं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा ती मागे वळली तेव्हा तिच्या चालण्यावरूनच मला कळलं की आता ती नाद सोडणार.

मी मधली खिडकी उघडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "दोन पावलं मागून सुरू कर गं. आणि रेघेकडे बघू नकोस, समोर बघ."

सगळं मैदान वळून बघायला लागलं. चित्रकलेच्या सरांचा पेपर पडला. मुलगी दोन पावलं मागे गेली, धावली आणि वाळूत इतकी लांब पडली की स्वतःच खुळ्यासारखी बघत राहिली. "पुन्हा," मी ओरडलो. "एकदा जमलं म्हणजे आलं असं नाही. पुढची कोण आहे? हात कुठे आहेत तुझे, खिशात?"

किती वेळ ओरडत होतो कोण जाणे. घसा बसल्यावर भान आलं. अकरा वर्षं माझ्या तोंडावर आपटलेली ती खिडकी उघडीच होती, आणि कुणीतरी माझ्यामागे खुर्ची आणून ठेवली होती. बाई आपल्या जागी बसून पाचवीच्या पुस्तकांना शिक्के मारत होत्या. माझा कागद बिस्किटांच्या डब्यात, पिनांच्या आणि त्या दुधाच्या दाताच्या शेजारी, चिठ्ठी लावून ठेवलेला होता.

वही उघडीच होती. मी वाकून पाहिलं. कारणाच्या रकान्यात बाईंनी माझ्या उत्तराची वाट न बघता लिहून टाकलं होतं, 'सर कामात आहेत.'