शिरीषचा गेज आणि आम्हा सगळ्यांचे टायर

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात तसे ते घरात साठत जातात आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर येतात. आमच्या साउथहॅम्प्टनच्या ग्रुपमधले निम्मे किस्से एकट्या शिरीषचे आहेत, आणि त्यातले बहुतेक त्याच्या गेजचे. गेज म्हणजे टायरच्या खाचा किती खोल उरल्यात ते मोजायचं छोटंसं डिजिटल यंत्र. खाचेवर ठेवायचं, पिन आत ढकलायची, स्क्रीनवर मिलिमीटर दिसतात. इथे आकडा १.६च्या खाली गेला की टायर बेकायदेशीर. इतकी साधी गोष्ट. पण शिरीषच्या हातात कुठलीच गोष्ट साधी राहत नाही.

शिरीष आणि मधुरा आमच्या समोरच्याच घरात राहतात. शिरीष पुण्याचा, पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढायचा पगार घेणारा. मागच्या वर्षी मोटरवेवर पावसात त्यांची गाडी घसरली, गर्रकन फिरली आणि आल्या दिशेकडे तोंड करून थांबली. दोघांना साधं खरचटलंही नाही. पण घरी आल्यावर दोघांनी आपापला इलाज शोधला. शिरीषने गेज मागवला. मधुराने ड्रायव्हिंग लेसन्स लावले.

ती पहिल्याच टेस्टला पास झाली आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. मधुराची धाकटी बहीण लेस्टरला असते. तिला दिवस गेले होते, डिसेंबरातली तारीख होती आणि या दोघी बहिणींच्या आईला व्हिसा नाकारला होता. बाळंतपणाला मी जाणार आणि स्वतः गाडी चालवत जाणार, असं मधुराने जाहीर करून टाकलं. शिरीष कधीच नाही म्हणाला नाही. तो फक्त म्हणायचा, “टायर बघू.”

*

तेव्हापासून कुणाकडेही जेवायला गेलं की शिरीष आधी ड्राइव्हवेवर उकिडवा बसायचा. एका हातात गेज, दुसऱ्या हातात टॉर्च, पायात पुण्याहून आणलेल्या निळ्या रबरी स्लिपर. या स्लिपर मधुराने दोनदा कचऱ्याच्या बिनमध्ये टाकल्या होत्या आणि दोनदा त्याने त्या काढून आणल्या होत्या. घरात भात निवत असायचा आणि हा बाहेरून आकडे सांगायचा.

आमच्यातला अतुल नागपूरचा. त्याच्या मते टायर बघायला वीस पेन्सचं नाणं पुरे. खाचेत उभं करायचं, नाण्याची बाहेरची कड झाकली गेली की झालं. शिरीषने त्याला अर्धा तास समजावलं की नाणं फक्त पास-नापास सांगतं, मार्क सांगत नाही. अतुलने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अबे, पण टायरला पुढे ॲडमिशन कुठे घ्यायची आहे?”



*

गाडीच्या वार्षिक तपासणीला, म्हणजे एमओटीला, शिरीष गॅरेजमध्ये स्वतःचा गेज घेऊन गेला. मेकॅनिक एक चाक बघायचा, की शिरीष वाकून तेच चाक मोजायचा आणि आपला आकडा मोठ्याने सांगायचा. चारही चाकं झाली. मेकॅनिक चहाचा मग हातात घेऊन अगदी नम्रपणे म्हणाला, “ब्रेक्स मी बघितले तर चालेल ना?”

हा किस्सा शिरीष स्वतःच सांगतो. त्या माणसाने आपल्याला किती मान दिला, हे सांगायला.

*

गणपतीला आम्ही चर्चचा हॉल भाड्याने घेतो. त्या वर्षी संध्याकाळच्या आरतीचा मान शिरीषचा होता. आरतीची वेळ झाली, तबक तयार, आणि यजमानांचा पत्ता नाही. झालं असं होतं की हा कार पार्कमध्ये ओळीने गाड्या तपासत सुटला होता. हॉलसमोरच्या घरातल्या आजीबाईंनी खिडकीतून पाहिलं, की एक माणूस प्रत्येक गाडीपाशी खाली बसतोय आणि चाकात काहीतरी खुपसतोय. हातात फोन घेऊन त्या बाहेर आल्या. पोलिसांचा नंबर लावायचाच बाकी होता.

शिरीषने त्यांना गेज दाखवला, नियम सांगितला, मिलिमीटर समजावले. मग आजीबाई घरातून आपल्या गाडीची किल्ली घेऊन आल्या. त्यानंतर शेजारणीलाही बोलावून घेऊन आल्या. आम्ही शोधत गेलो तेव्हा शिरीष चौथ्या गाडीखाली टॉर्च मारत होता आणि बाजूला दोन बायका केक घेऊन उभ्या होत्या. आरती आम्ही त्याच्याशिवाय उरकली होती.

तो घामाघूम होऊन हॉलमध्ये आला तेव्हा अतुल म्हणाला, “आता आलाच आहेस तर बाप्पाच्या उंदराचे पाय पण पाहून घे. तो बी दुरून आला आहे.”

*

दसऱ्याच्या सुमारास शिरीषची आई आली होती. या काकू मूळच्या कऱ्हाडच्या, सगळं रीतीने करणाऱ्या. खंडेनवमीला त्यांनी पाट मांडला आणि त्यावर घरातली सगळी हत्यारं ठेवली. स्क्रू ड्रायव्हर, गाडीची किल्ली, लॅपटॉप आणि मानाच्या जागी गेज. सगळ्यांना गंध, अक्षता, फूल. गाडीच्या चाकांखाली लिंबंसुद्धा ठेवून झाली.

पुढच्या आठवड्यापासून आमच्या सगळ्यांच्या टायरना एकदम अवकळा आली. आमच्या गाडीचे चार मिलिमीटर होते, ते अडीच झाले. मी म्हटलं, आम्ही कुठे गेलोच नाही तर टायर झिजले कसे? शिरीष म्हणाला, इथले रस्ते वाईट. माझ्या नवऱ्याचा गेजवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. त्याने पुढचे दोन टायर बदलले. अतुलनेही बदलले, त्याचं नाणं ‘गरज नाही’ म्हणत असताना. शिरीषने तर स्वतःच्या गाडीचे चारही बदलले, आणि ते नवेकोरे टायरही कमी भरले तेव्हा दुकानात फोन करून भांडला.

शेवटी मधुराने गेज उचलला आणि किचनच्या सपाट टेबलावर ठेवला. टेबलाची खोली आली उणे दीड मिलिमीटर. तिने गेज उलटासुलटा करून पाहिला. मोजणी शून्यावर आणायच्या झीरो बटणावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. काकूंनी पिन थोडी बाहेर असतानाच बटण दाबून टिळा लावला होता आणि त्या दिवसापासून यंत्राचं शून्यच सरकलं होतं.

शिरीषने डोक्याला हात लावला. काकूंना मात्र आपलं काय चुकलं तेच कळेना. “याला कपाळ कुठलं? बटणच की,” त्या म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, “पण बघ, थंडीच्या आधी देवानं सगळ्यांचे टायर नवे करून घेतले.”

*

दिवाळीला फराळ माझ्याकडे होता. माझ्या चकल्यांना त्या वर्षी काटे नीट आले नव्हते, हे मला माहीत होतं. कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. शिरीषने चकली हातात घेतली, उजेडात धरली, खिशातून गेज काढला आणि काट्यांमध्ये पिन घातली. “एक पॉइंट एक,” तो म्हणाला. “ही रस्त्यावर नाही आणता येणार.”

सगळे हसले. मी नाही हसले. पहाटे उठून भाजणी मळलेली होती. मधुराही हसली नाही. तिने चकलीचा डबा त्याच्यापुढून उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि गेजकडे जरा वेळ बघत राहिली. हे टायरशिवाय दुसरं काही मोजू शकतं, हे बहुधा तिला तेव्हाच सुचलं असावं.

*

डिसेंबरात एका रविवारी सकाळी लेस्टरहून फोन आला की बहिणीला हॉस्पिटलमध्ये नेताहेत. बाहेर रिपरिप पाऊस, आणि रुळांच्या दुरुस्तीमुळे ट्रेनऐवजी बस. मधुराने गाडीत डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला, अळीव ठेवले, बाळाची दुपटी ठेवली. मी जायफळाची पुडी द्यायला गेले तेव्हा शिरीष त्या निळ्या स्लिपर घालून भिजत चाकापाशी बसला होता.

टायर नवे होते, काकूंच्या कृपेने. सात पॉइंट सहा. त्याने दुसरं चाक मोजलं, तिसरं मोजलं, परत पहिल्यापाशी आला. यंत्राचं शून्य तपासलं. शून्य बरोबर होतं. पुन्हा मोजलं. त्याला काहीतरी कमी भरलेलं हवं होतं आणि काहीच कमी भरत नव्हतं. तो घाबरला होता, दुसरं काही नव्हतं. मोटरवेवर गाडी फिरली तेव्हा स्टिअरिंग त्याच्या हातात होतं आणि मधुरा शेजारी होती, हे तो एक दिवसही विसरला नव्हता.

“मी येतो बरोबर,” तो म्हणाला. त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता आणि त्याला हजर राहणं भाग होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मधुरा गाडीतून खाली उतरली. तिने त्याच्या हातातून गेज घेतला. “पाय वर कर,” ती म्हणाली.

शिरीषने गाडीला धरून पाय वर केला. तिने वाकून स्लिपरच्या तळाला गेज टेकवला, पिन दाबली आणि स्क्रीन त्याच्यासमोर धरली.

“झीरो पॉइंट चार,” ती म्हणाली. “ओल्यात घसरशील, शिरीष. तू घरात जा. हळू जा.”

तिने गेज त्याच्या खिशात टाकला, सीटबेल्ट लावला, आरशात पाहिलं आणि गाडी काढली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत शिरीष तिथेच उभा होता. मग त्याने गेटला धरलं आणि एकेक पाऊल जपून टाकत घरात गेला.