आईची किडनी

आमच्या न्हावरे गावाकडे गाय व्याली की वासराला बादलीतून दूध प्यायला शिकवावं लागतं. दुधात बुडवलेलं बोट त्याच्या तोंडात द्यायचं आणि ते चोखू लागलं की हात हळूहळू बादलीत खाली न्यायचा. माझ्या वडिलांचं, आप्पांचं बोट कुठलंही हट्टी वासरू धरायचं.

आप्पांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आईने आपली एक दिली. शरीराने ती परकी समजू नये म्हणून त्यांना कायमच्या गोळ्या लागल्या. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, जनावरांपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. आम्ही गाई विकल्या. गोठा धुऊन तिथे मोटारसायकल लावू लागलो.

शेजारच्या वस्तीवरून हाक मात्र यायचीच. "आप्पा, नवी कालवड बादलीला तोंड लावंना. या की वाईच!"

आप्पा चप्पल शोधू लागले की आई म्हणायची, "निघाले. सासरवाडीचं बोलावणं आलंया."

आम्ही हसायचो. त्यांच्या चेहऱ्यावर तेवढाच वेळ आजारीपण नसायचं.

मग त्यांना जुलाब लागले. पाण्यासारखे, थांबेचनात. दवाखान्यात बोलायचं काम माझ्याकडे असायचं, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले. एरवी मी घरातही फारशी बोलत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत?"

"न्हाई. समदी इकली," आप्पाच म्हणाले.

ते खोटं नव्हतं. मी शेजारीच होते, आईही होती. हाक आल्यावर जाणं म्हणजे जनावरं असणं, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

डॉक्टरांना तो गोळ्यांचा त्रास वाटला. शौचाची तपासणी झाली, काही सापडलं नाही. पुन्हा केली, पुन्हा काही नाही. आप्पांची पँट कमरेला थांबेना, आई ती नाडीने बांधायची. शेवटी ते उठून बसेनात, तेव्हा भरती केलं. तिथे नमुन्याला वेगळा रंग देऊन तो पाहिला, आणि जंतू दिसला. साध्या तपासणीत तो सुटून जातो, डॉक्टर म्हणाले. धडधाकट माणूस त्यातून आपोआप बरा होतो. बऱ्याचदा हा जंतू हगवण लागलेल्या वासरांकडून येतो.

"वासरांना हात लावला होता का?"

आईने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी हात चादरीखाली घेतले.

पुढचं डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. मी आईला सांगितलं, "जंतू सापडला. औषध देणार आहेत."

"आन् फुडं? ते आजून बोलले की."

"अंगातलं पाणी फार गेलं. गावाजवळ दौंडला डायलिसिस सुरू करावं लागेल."

"थोडे दिस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंजी माझी गेली," आई म्हणाली.

"तुझी व्हती गं," आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "तुझी व्हती."

"दिल्यावर तुमचीच की," आई म्हणाली.

डॉक्टर अजून उभेच होते. मी त्यांना थँक यू म्हणाले.